शेळीच्या तोंडचा काठ

मी बेल्तानीबाईंच्या झग्याचा काठ बोलतोय. आता निवांत बोलू शकतो, कारण सध्या मी कुणाच्या तोंडात नाही.

माझा जन्म सिप्पर नगरात, शमश या सूर्यदेवाच्या मठात झाला. तांबड्या लोकरीचा मी, गोंड्यांचा. मला विणलं नारुब्तुमने, बाईंच्या दासीने. बाई देवाला वाहिलेल्या. नवरा नाही, लेकरू नाही. पण खजुराची बाग, भाड्याची घरं आणि जीभ अशी, की भले भले व्यापारी चळाचळा कापत. सौदा ठरला की बाई मला ओल्या मातीच्या पाटीवर दाबायच्या. काठ उमटला म्हणजे शब्द दिला! मी तर असा फुगलो होतो की विचारू नका. बाह्यांशी बोलतसुद्धा नसे.

म्हातारपणी बाईंनी ठरवलं, नारुब्तुमला मोकळं करायचं आणि लेक म्हणून घ्यायचं. झालं, धाकट्या भावाच्या, सिन-तय्यारच्या, पोटात दुखू लागलं. बाईंच्या मागे बाग आणि दासी त्यालाच मिळायची होती ना! वाद पंचांकडे गेला. पंच म्हणाले, "आज पाटीवर बाईंचा काठ उमटला तर पोरगी मोकळी. नाहीतर ती भावाची." पोरीला न्यायला भावाने घाटावर नाव तयारच ठेवली होती.

वर भावाची स्वारी एक शेळी घेऊन आली. "ताई, तुला भेट. राग सोड गं."

"तू आणि भेट? आज शमशदेव कुठल्या दिशेला उगवलेत रे?"

माती मळून झाली. बाई वाकल्या, आणि शेळीने मला कचकन तोडलं!

"गेला काठ!" भाऊ टाळ्या पिटू लागला. "चल गं पोरी, नाव थांबलीय."

नारुब्तुम पांढरीफटक पडली. शेळी मला चावत होती, पण खरं सांगतो, जीव तुटत होता तो त्या पोरीकडे बघून.

बाईंनी शेळीचे दोन्ही कान धरले आणि तिचं तोंड माझ्यासकट ओल्या मातीत दाबलं! शेळी बेंबें करतेय, मठातल्या बायका हसून हसून लोळतायत, आणि मी? मी जीव खाऊन उमटलो.

"ह्याला काठ म्हणतात? ह्यात दात आहेत!" भाऊ किंचाळला.

पंचांनी पाटी उन्हात धरली. "काठ कुणाचा?"

"माझा," बाई म्हणाल्या.

"आणि शेळी?"

"मी आणलेली, माझी!" भाऊ तावातावाने म्हणाला.

"वा! मग ह्यात तुझीही साक्ष पडली."

नारुब्तुम "मालकीणबाई" म्हणत पायांशी कोसळली. "मालकीण गेली चुलीत," बाईंनी तिला उठवलं, "आई म्हण."

लोकर शेळीने गिळली. उरलो तो मी मातीतला ठसा, दातांसकट. बाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत नारुब्तुमनेच त्यांना भरवलं. भावाची मुलं अजून अधूनमधून भांडायला येतात, मला बघून हात चोळत परत जातात.

मी कच्च्या मातीचा आहे हो. हसा मला, पोट धरधरून हसा. फक्त पाण्याचं भांडं जरा लांब ठेवा. मी विरघळलो, तर ती पुन्हा दासी.