नव्या गिटारीचं म्हातारपण

गिटारीच्या कारखान्यात काकांना सगळे आरसेकाका म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं: गिटारीवर अशी झळाळी आणायची, की बघणाऱ्याला तिच्यात स्वतःच्या नाकावरचा फोड दिसावा. आधी लाकडाची छिद्रं बुजवायची, मग अस्तर, मग रंग, मग लॅकरचे हात, आणि प्रत्येक हात वाळला की ओल्या पॉलिशपेपरने घासत बसायचं. एखादी आगाऊ माशी ओल्या लॅकरवर बसली की सगळं पहिल्यापासून. ह्यात काकांचा खांदा कामातून गेला. लॅकरच्या वासाने नाकाचं जे झालं ते तर विचारूच नका. घरी दूध करपलं तरी शेजारीण सांगायला येई. निवृत्तीला अकरा दिवस उरले होते आणि माणूस पार दमला होता.

आता लोकांच्या आवडीला काय म्हणावं? दोन वर्षांपूर्वी गिऱ्हाइकांना एकाएकी जुनाट गिटारी हव्याशा वाटू लागल्या. जुन्या नव्हेत बरं का, जुनाट दिसणाऱ्या. नवी कोरी गिटार फ्रीजरमध्ये गारठवायची, मग एकदम उबेत आणायची, म्हणजे लॅकरला केसासारखे तडे जातात. नंतर साखळी, किल्ल्यांचा जुडगा, पातं, जे हाताला लागेल त्याने तिला बडवायचं. हे काम काकांच्या पुतणीकडे होतं. तिला काकांनीच इथे चिकटवलं होतं आणि कारखान्याने तिचं नाव ठोकबाई ठेवलं होतं. काका लॅकर चढवणार आणि सख्ख्या भावाची पोरगी चार टेबलं पलीकडे ते उतरवणार! काका तिकडे पाठ करून बसत.

एक गिटार मात्र त्यांनी साहेबांकडून शब्द घेऊन वेगळी ठेवली होती. लाल रंगाची, लॅकरचे चौदा हात, सहा आठवड्यांचं काम. काका जातील त्या दिवशी ती ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर लावायची, असं ठरलं होतं. काकांना शाल नको होती, भाषण तर नकोच होतं. इतक्या वर्षांत केलेलं सगळं लोकांच्या घरी गेलं, एक तरी इथे राहावी, एवढीच इच्छा होती.

आणि नेमकी जुनाट मालाची एक ऑर्डर एका लाल गिटारीने कमी पडली. साहेब वयाने लहान, बोलायला गोड. त्यांनी तीन वेळा माफी मागितली, पण गिटार नेणार म्हणजे नेणारच. काका चिडले, मग विनवण्या करून झाल्या, आणि शेवटी म्हणाले की हे पाप माझ्या हातून व्हायचं नाही, पोरीला द्या. एवढं बोलून ते चहाला निघून गेले.

पोरीचा हात धजेना. काकांचे सहा आठवडे तिने डोळ्यांनी पाहिले होते. घाबरत घाबरत तिने सगळीकडे थोडं थोडं मारलं, सारख्या अंतरावर, आणि गिटार गोवर आल्यासारखी दिसू लागली. साहेब म्हणाले, ही धड नवी राहिली नाही नि जुनीही झाली नाही. मोडीत काढा, सुटे भाग ठेवून घ्या. पोरगी रडायला लागली.

चहाहून परतलेल्या काकांनी गिटार उचलून उजेडात धरली. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, कारण राग गिटार बिघडवल्याचा नव्हता, ती वाईट बिघडवल्याचा होता. पुन्हा पॉलिश करायचं तर सहा आठवडे हवेत. हातात अकरा दिवस.

"सरक," ते पुतणीला म्हणाले.

गिटार कुठे झिजते हे काकांना शिकवायला नको होतं. लोकांच्या जुन्या गिटारी नव्याने पॉलिश करायला येत, तेव्हा त्या खुणा त्यांनीच पुसल्या होत्या. कोपर टेकतो ती कड. पाठीवर वाजवणाऱ्याच्या कमरपट्ट्याचं बक्कल घासून पडलेला तळहाताएवढा डाग. मानेमागची अंगठ्याची वाट. पोरीचे खड्डे त्यांनी ह्या झिजेत जिरवून टाकले. प्रत्येक थर आपणच दिलेला, तेव्हा रंग कुठे संपतो नि लाकूड कुठे लागतं हे बोटांना पाठ होतं. घामाचा काळपटपणा यावा म्हणून त्यांनी चक्क बुटांचं पॉलिश चोळलं. वाईट वाटत होतं, फार वाईट. आणि सांगायला लाज वाटते, पण हात झकास चालला होता. संध्याकाळपर्यंत त्यांना खांद्याची आठवणसुद्धा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले आणि टेबलापाशी थबकले. कुणाची तरी जुनी गिटार दुरुस्तीला आलेली दिसतेय, ती इथे साखळ्यांजवळ कुणी ठेवली, उगाच ओरखडा उठेल, म्हणून पुतणीवर रागावले. तिने खरं काय ते सांगितलं. साहेबांनी गिटार चार वेळा उलटसुलट केली. मग एकदम खूश होऊन म्हणाले की ही आता कुठे जात नाही, गिऱ्हाइकाला थांबवतो; ही दर्शनी भिंतीवर लागणार आणि खाली काकांच्या नावाची पितळी पाटी. हे गिऱ्हाइकाला कालच कळवता आलं असतं, पण ते बोलून आता कुणाचं भलं होणार होतं?

काका स्टुलावर बसले. खांदा पुन्हा ठणकायला लागला होता.

"भिंतीवर लावा साहेब," ते म्हणाले. "नाव तेवढं लावू नका."

पुतणी कळवळून म्हणाली, असं काय करता काका, एवढी वर्षं घातलीत, एक पाटी तरी असू द्या.

"अगं, येणारा-जाणारा काय वाचेल?" काका म्हणाले. "म्हणेल, ह्या माणसाचं पॉलिश टिकत नाही."