बाबांच्या खोलीतला वास

निवेदिताला आधी वास आला. घासलेटात काहीतरी कडवट कालवावं तसा. बाबांच्या खोलीच्या खिडक्या सताड उघड्या, पलंग भिंतीपासून ओढलेला. बाबा, म्हणजे प्रतापराव, पलासियाच्या एका दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. ती पुण्याहून थेट तिथंच गेली होती आणि त्यांना काचेतून पाहून कपडे घ्यायला छत्रीबागेतल्या घरी आली होती.

"हा वास कसला रे?" तिनं धाकट्या भावाला विचारलं.

"दीमक लागली होती चौकटीला. दवा मारली." भूषण कपाटात टॉवेल शोधत राहिला.

"वाळवी? कधी?"

"मागच्या हफ्त्यात. बाबा बाहेरच्या खोलीत झोपले होते तेव्हा."

"डबा कुठंय?"

"कचरागाडीत टाकला. चल ना ताई, भेटायचा टाइम निघून जाईल."

एवढं बोलून झालं तरी त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. भूषण भांडतानासुद्धा डोळ्यांत डोळे घालून भांडणारा. निवेदिताच्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच.

जिन्याखाली शेजारच्या सुहासिनीकाकू भेटल्या. "मी तर म्हटलं होतं त्याला, इतना क्यों छिड़क रहा है भिया," त्या म्हणाल्या. "बंद खोलीत म्हाताऱ्या माणसाचं काय होणार?"

रिक्षात निवेदिता एकेक गोष्ट जुळवत होती. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, रोज पायी फिरणारे, कधी साधा दमा नाही. ताप आल्याचं कळून तिनं फोन केला तेव्हा खुर्चीत बसून पोहे खात होते. ताप उतरला आणि मग दम लागायला लागला. भूषण फोनवर म्हणाला तसा साधा फ्लू असता तर तापाबरोबर तोही उतरला असता. ताप गेल्यावर माणूस बिघडतो तो कशानं? भूषण घाईघाईनं डबा का टाकतो?

दवाखान्यात तिनं भूषणला औषधं आणायला पाठवलं आणि डॉक्टर उर्वींना एकटीनं गाठलं. दाराकडे एकदा बघून घेऊन तिनं सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "हीच शंका मीही तपासून पाहिली," त्या म्हणाल्या. "विषबाधेची चिन्हं नाहीत. फुफ्फुसातून काढलेल्या पाण्यात इन्फ्लुएंझाचा विषाणू मात्र सापडला."

"पण ताप तर गेला होता."

"हो, तिथंच लोक फसतात. विषाणू श्वासाबरोबर खाली जातो, फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांना आतून जे पेशींचं अस्तर असतं, त्या पेशींत शिरतो. मग ती पेशी स्वतःचं काम सोडून त्याच्याच प्रती काढत बसते आणि मरते. मरण्याआधी धोक्याचा निरोप देते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. त्या जी रसायनं सोडतात त्यांनी आजारी पेशी मरतात, पण शेजारच्या चांगल्याही होरपळतात. अस्तर फाटतं, रक्तातलं पाणी हवेच्या जागेत झिरपतं. बाबांच्या फुफ्फुसात आता विषाणू थोडाच उरलाय. जे चाललंय ते बरंचसं त्यांच्याच शरीराचं आहे."

निवेदिताला कळलं, पण पटेना. "मग माझा भाऊ नजर का चुकवतो?"

"ते मी कसं सांगू?" डॉक्टर म्हणाल्या. "मी विचारलं होतं, घरात आधी कुणाला ताप होता का. तुमचे भाऊ नाही म्हणाले. तुम्ही विचारून बघा."

भूषण औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसला होता. ती शेजारी बसली.

"तुला ताप होता?"

त्यानं पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"देवासच्या लग्नातून आलो तेव्हा अंग मोडून आलं होतं," तो म्हणाला. "गोळी घेतली, उतरला. बाबा कॅरम मांडून बसले होते. मी रोज त्यांच्यासमोर बसून खेळलो, खोकत खोकत."

"मग डॉक्टरांना नाही का म्हणालास?"

"काय सांगू, यार? की मीच आणलं घरात?"

"आणि मी दवेबद्दल विचारत होते तेव्हा?"

"तुला काय वाटतंय ते मला कळत होतं. म्हटलं, वाटू दे. ते खोटं होतं, माहीत होतं मला. खोटा आळ सहन होतो, ताई."

 निवेदितानं पिशवी त्याच्या मांडीवरून उचलली आणि आत नेऊन दिली. मागोमाग तोही आत आला आणि त्यानं डॉक्टरांना स्वतःच सगळं सांगून टाकलं.

श्वास सोपा व्हावा म्हणून बाबांना रोज काही तास पालथं झोपवत. हळूहळू त्यांना ऑक्सिजन कमी लागू लागला. घरी आले तेव्हा ते निम्मे झाले होते आणि जिन्यात प्रत्येक वळणावर थांबत होते. भूषणनं त्यांनाही सांगितलं. ते श्वास जमवून म्हणाले, "तू तरी नीट बरा झालास ना?" भूषण उठून स्वयंपाकघरात गेला.

निवेदिता पुण्याला परतली, पण शंकेची सवय काही गेली नाही. फोनवर मागून कुणी खोकलं की बोलणं मध्येच तोडून ती विचारते, "कोण खोकतंय?"

"मी," भूषण म्हणतो. "सकाळपासून. वरच्या खोलीत आहे, मास्क लावून. बाबांचं ताट सुहासिनीकाकू देतायत."

"खरं?"

"खरं."

तरी ती काकूंना फोन लावते.