नाक्यावरचं निळं थान

खुशालरावांसारखा नाकेदार मी पुन्हा पाहिला नाही. आता तर नाकेही राहिले नाहीत. गोष्ट एकोणपन्नासच्या थंडीतली. आपण तेव्हा अजून मध्यप्रांत-वऱ्हाडात होतो. अकोल्याकडून अमरावतीत शिरणाऱ्या रस्त्यावर आमचा जकातीचा नाका होता आणि मी तिथे हाताखालचा कारकून. गावात येणारा माल पाहायचा, दराच्या पुस्तकात तो कुठे बसतो ते शोधायचं, जकात घ्यायची, पावती फाडायची. त्या टेबलामागे बसून माणसं फार स्वस्तात कळली. तुपाचा डबा आणणारा आधी हवापाण्याचं बोलायचा, कापडवाल्याला नेमकी त्या दिवशी घाई असायची, आणि ज्याच्याजवळ काहीच नसायचं तो उगाच भांडायचा. खुशालराव तिघांनाही एकाच चेहऱ्याने पाहायचे. सूट हा शब्द त्यांना कधी उच्चारता आला नाही.

माणिकबाई फुलमाळीण. तिचा मळा नांदगाव खंडेश्वराच्या बाजूला, पण त्या दिवशी ती अकोल्याहून, भावाकडून येत होती. भाऊ सहदेव तिथे एका कापड दुकानात कामाला. तिने टेबलावर एक थान, म्हणजे गुंडाळलेला अख्खा तागा, उलगडलं. वरून निळं, तुळतुळीत. खालून साधी वीण. मी त्यावर पाण्याचा थेंब टाकला, तो घरंगळून माझ्याच धोतरावर आला.

"हे काय आणलं व माय?" खुशालरावांनी विचारलं.

"नवीन निंगालं. पाटीत अंथरलं का पाणी गळत नाई, फुलं दिवसभर ताजी राह्यतात. वरून प्लॅस्टिक लावलं म्हणे. आमी माळणींनी मिळून घेतलं. सहदेव सांगे, मुंबईच्या बंदरावर कस्टमच्या सायबांचीच जुंपली याच्यापाई. एक म्हणे कापड, दुसरा म्हणे प्लॅस्टिक."

"मंग कोण जितलं?"

"सहदेवचा शेठ म्हणे, गोदामाचं भाडं जितलं."

खुशालरावांनी पुस्तक उघडलं. पुस्तक जुनं, प्लॅस्टिकचं त्याला नावही ठाऊक नव्हतं. त्यांनी थानावर नख ओढलं, वास घेतला, "डॉक्टरच्या मोटारीची गादी अशीच हाय," असं पुटपुटले. मग टेबलाखालून दिसणाऱ्या माणिकबाईच्या भेगाळलेल्या टाचांकडे पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

"लिव्ह. चामडं व चामड्यासारखा माल."

मी त्यांच्याकडे पाहिलं. परदेशी कापडावर जकात भारी होती. चामड्यावर हलकी, जोडे शिवणाऱ्या कारागिरांवर भार नको म्हणून. उभ्या नोकरीत न दिलेली सूट त्यांनी दिली, आणि तोंड असं केलं की जणू दंड ठोकला.

तिसऱ्या दिवशी माणिकबाई पुन्हा आली, रिकाम्या हातानं.

पेठेतल्या दत्ताच्या देवळात रोजचा हार तिचा, आणि दत्तजयंतीचा मोठा हारही तिचाच. सासूने मरताना तो मान तिच्या हाती दिला होता. माळणींत खर्चाची वाटणी करायची म्हणून तिने पावती वाचायला दिली ती कोणाला, तर देवळाचे वहिवाटदार उत्तमराव यांना. त्यांनी खणखणीत आवाजात वाचली. "चामडं" इथवर आले आणि थांबले. फुलं चामड्यातून येतात म्हटल्यावर हार परत. आता जयंती दोन दिवसांवर, आणि मोठा हार दुसऱ्या माळणीकडे जायच्या बेतात.

"तुमच्या एका कागदानं माह्या सासूचा मान गेला, नाकेदार."

"बाई, म्या तुह्यं भलंच केलं."

"म्या मांगितलं होतं का? कावून केलं?"

खुशालरावांना जन्मात कोणी हा जाब विचारला नव्हता. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"त्यायले म्हणाव, धुवून पाहा, उसवून पाहा. आतून सूत हाय."

"म्हटलं ना! म्हटलं, उत्तमराव, तुमच्या चौघड्याच्या नगाऱ्याले काय मलमल मढवली? तं म्हणे, त्याची पावती नाई." तिने डोळ्याला पदर लावला. "फरक घ्या तुमी. दुप्पट घ्या. पण कापड म्हना त्याले."

जास्त जकात मागून घेणारं माणूस त्या नाक्याने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पण पावती बदलायची तर वर खुलासा पाठवावा लागे. खुशालरावांचं पेन्शन तोंडावर आलेलं. मी हळूच सुचवलं, "नजरचुकीनं झालं, असं लिहू."

ते एकदम ताठ झाले. "नजरचुकीनं? इतक्या वर्सांत माह्या नजरेतून माल चुकला नाई. लिव्ह, जाणून केलं."

पेन्शनपेक्षा नजर मोठी! मी लिहिलं. माणिकबाईने फरक मोजून दिला, नवी पावती झाली: "परदेशी कापड, वरून लेप दिलेलं." ती तिच्या हाती न देता खुशालरावांनी खिशात घातली, नाका माझ्या हवाली केला, आणि तिच्यासोबत देवळात गेले. पुढचं माणिकबाईने मला नंतर सांगितलं, दोघांचे आवाज काढून.

उत्तमरावांनी पावती वाचली, उलटून शिक्का पाहिला. "परवा चामडं, आज कापड. नाकेदार, उद्या काय म्हणान?"

"उद्या मले घरी बसवतीन. पण हे कापडच राहीन."

उत्तमरावांनी पावतीची घडी घालून ती परत दिली. सरकारी माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो म्हणजे माल खरा असणार, एवढा हिशेब त्यांना येत होता. म्हणाले, "जयंतीले फुलं पाहाटेच आणजो, माणिकबाई. मागच्या साली उशीर केला होता तू."

हार चढला. मी गर्दीतून पाहिला. शेवंती सायंकाळपर्यंत तशीच टवटवीत होती.

खुशालरावांना घरी नाही बसवलं. ठपका ठेवला आणि उरलेल्या नोकरीसाठी नांदगावच्या रस्त्यावरच्या लहान नाक्यावर धाडलं. तिथून भाजी आणि फुलं एवढंच यायचं आणि दोन्हींवर जकात नव्हती. मी एकदा मुद्दाम सकाळीच त्यांना भेटायला गेलो. माणिकबाईची बैलांची बंडी आली. तिला थांबायचं काही कारण नव्हतं, पण ती थांबली आणि पाट्यांवरचं निळं कापड बाजूला सारलं.

"पाहून घ्या, नाकेदार."

खुशालरावांनी चष्मा लावला. एक एक पाटी पाहिली, शेवंतीत नाक खुपसलं, झेंडूचं फूल उचलून उजेडात धरलं. मागे वांग्याच्या बंड्या तुंबल्या.

"अवो, सोडा ना! बजार उठून जाईन," मागून कोणी ओरडलं.

"दम धर," खुशालराव मान वर न करता म्हणाले, "तपासनी चालू हाय."