खंडेनवमीला मी एकटाच मोकळा होतो

"अहो, त्या करवतीला हात नक्को म्हटलं ना! हळदकुंकू वाहिलंय, दिसत नाही?" योगिनी कडाडली.

"मग दांडा काय दातानं तोडू?" युवराजनं बाकावर थाप मारली. "पोरीची गोल्फच्या टीमसाठी निवड दुपारी आहे. काठी कोण देणार, तुझी देवी?"

"तोंड सांभाळा. वर्षातून एक दिवस हत्यारं देवाची असतात. मामंजींनी कधी मोडलं नाही ते."

नवराबायकोच्या या भांडणात माझ्याकडे कोण बघतोय? मी बाकाखाली पडलेलो. मित्रांनो, मी एक जुना पाइप कटर. एक धारदार चाक, दोन रूळ, एक स्क्रू, बस्स. मलकपेठेत रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत युवराजच्या वडलांनी, दत्तोबांनी, गोल्फच्या काठ्या बनवायचं दुकान टाकलं, तेव्हा सगळ्यात आधी मला आणलं. स्टीलचा दांडा माझ्या तोंडात द्यायचा, मला गोल फिरवायचं, स्क्रू जरा जरा आवळायचा. धूळ नाही, भुसा नाही. दांडा असा सुटायचा, जसा काही जन्मापासून तेवढाच होता. काय रुबाब होता माझा!

दत्तोबांची एक खोड होती. तोडायच्या आधी दांड्याला नखानं टिचकी मारायचे आणि कान द्यायचे. दोन लागोपाठ, मग थांबून एक. "टिंग" वाजलं की स्टील, मला उचलायचे. "टक" वाजलं की कार्बन, तिथं मी नको. कार्बनचा दांडा म्हणजे धागे गुंडाळून चिकटवलेले. माझं चाक दाबत दाबत कापतं. दाबलं की ते धागे आतल्या आत चिरडतात आणि वरून काही दिसत नाही. त्याला ती करवतच लागते, दात नसलेली, पात्यावर रेती बसवलेली. दांड्याला चिकटपट्टी गुंडाळायची आणि हळू घासत जायचं.

मग सगळ्यांना कार्बनच हवा झाला. दत्तोबाही गेले. मी गंजत पडलो. पूजेच्या पाटावर फुटक्या स्क्रूड्रायव्हरलाही झेंडू मिळाला, मला नाही. राग येणार नाही?

तर त्या सकाळी मी एकटाच मोकळा. युवराजचा हात बाकाखाली आला.

"ह्याची कुठं पूजा झाली? ह्यानंच तोडतो."

"ते स्टीलसाठी आहे ना? हा दांडा कार्बनचा," योगिनी म्हणाली.

"एकदा चालतंय. हल्लू फिरवतो."

मला कोण विचारतंय? चाक रुतलं. आत करकर झाली, कोंबडीचं हाड चावल्यासारखी. टोक वरून एकदम गुळगुळीत. युवराजनं त्यावर काठीचं डोकं चिकटवलं आणि काठी कोपऱ्यात उभी केली.

टक.

केतकी, त्यांची पोरगी, बुटाची नाडी बांधत होती. तिनं मान वर केली. "पप्पा, टिचकी कोणी मारली?"

"फॅन असेल."

फॅन तर समईसाठी बंद ठेवलेला. टक, टक. मग थांबून एक.

मोडणारे धागेही वाजतात, मला माहीत आहे. पण ते कसेही वाजतात. असं मोजून नाही वाजत.

पाटावर करवतीचं पातं थरथरायला लागलं. झेंडू एकेक करून खाली घरंगळले. समईची ज्योत मात्र सरळ होती.

योगिनीनं कान टवकारले. "मामंजी," ती पुटपुटली. सरळ कोपऱ्यात गेली, काठी कानाला लावली. "अहो, हे डोकं काढा."

"मम्मी, टाइम नाहीये यार!"

"काढा म्हणते ना! हिनं जोर लावून मारलं आणि डोकं सुटून कुणाच्या कपाळात बसलं तर?"

युवराजनं हीट गननं गोंद नरम केला, डोकं ओढलं. टोक जुन्या ब्रशसारखं फिसकटलेलं, काळे धागे बाहेर आलेले.

योगिनीनं पाटाला हात जोडले आणि करवत कुंकवासकट उचलून त्याच्या हातात दिली. "देवीचं मी बघते. तुम्ही कापा."

चिरडलेला तुकडा पडला तेव्हा काळ्या दांड्यावर लाल रेघा उमटल्या होत्या. काठी बोटभर आखूड झाली.

"आखूड चालेल," केतकी म्हणाली.

आवाज थांबला होता.

डोकं पुन्हा चिकटवलं आणि गोंद सुकत होता, तेवढ्यात युवराजनं मला भंगारात भिरकावलं. योगिनीनं उचलून आणलं. "त्याचा काय दोष? त्याचं काम तुम्ही त्याला दिलंत कुठं?" माझ्या गंजावर तिनं कुंकवाचं बोट टेकवलं, बाकावर ठेवलं. मग कुलूप लावून तिघं मैदानावर गेले.

म्हणून सांगतो मित्रांनो, हत्यार उचलायच्या आधी समोर काय आहे त्याला टिचकी मारून बघा. आणि कोपऱ्यात पडलेल्यालाही कधीतरी तेलाचा थेंब द्या, नाहीतर तो...

थांबा.

टिंग, टिंग. टिंग.

भिंतीपाशी एकच स्टीलचा दांडा उरलाय, तो वाजतोय. दुकानात कोणी नाही. माझ्या स्क्रूवर बोटं आलीत. गार आहेत, पण ओळखीची.

काम आलंय. निघतो मी.