लाकडाखालचे कागद

माझे सासरे, आमचे बाबा, सुतार. गळ्याच्या ऑपरेशनात त्यांची स्वरपेटी काढावी लागली. तेव्हापासून ते मानेवरच्या एका छिद्रातून श्वास घेतात आणि हातातल्या यंत्राने बोलतात. यंत्र टॉर्चएवढं. टोक गळ्याला टेकवून बटण दाबलं की ते घूं घूं करतं, आणि ओठ हलवले की त्या घुमण्याचे शब्द होतात. आमच्या घरात त्याला भुंगा म्हणतात.

भुंगा घरी आला त्या दुपारी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यातला आवाजाचा स्क्रू फिरवत बसल्या होत्या. "अजून खाली घेते. छे, हा तर वीजबिल मागायला आल्यासारखा वाटतोय. अजून खाली. हां... आता कसे तुम्ही वाटता!"

मी फार बोलत नाही. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा पाहुणे हळूच विचारायचे, "मुलीला बोलता येतं ना?" बाबा म्हणायचे, "येतं की. पण ते काम तिने माझ्याकडे दिलंय." आणि खरंच, माझ्या वाटचंही तेच बोलायचे. मी वजनं-मापं तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते म्हणून त्यांनी माझं नाव मिलिमीटर ठेवलं. "काय मिलिमीटर, आज केवढा शब्द बोललीस?" संध्याकाळी मी दारात चप्पल काढत असताना हा प्रश्न ठरलेला. माझ्याकडे उत्तर नसायचं आणि त्यांना ते नकोही असायचं. ह्या देवाणघेवाणीत मला किती बरं वाटायचं, ते ती थांबल्यावर कळलं.

भुंगा मोरीतल्या बादलीत पडला. वर काढेपर्यंत पाणी आत गेलं होतं, आणि काढताना हातातून निसटून पुन्हा फरशीवर आपटला. मी उघडून पाहिला तर आतली सर्किटची पाटी मधोमध तडकलेली. ते मॉडेल बनवणं कंपनीने कधीच बंद केलं होतं. हॉस्पिटलने नवं यंत्र दिलं. बाबांनी ते गळ्याला लावलं आणि म्हणाले, "चहा झाला का?" आई स्वयंपाकघरात होत्या. त्या आतूनच म्हणाल्या, "कोण आलंय गं?"

त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यांना खरंच कुणीतरी आल्यासारखं वाटलं होतं. नव्या यंत्रात दोनच आवाज होते, आणि दोन्ही परके. बाबांनी ते खिडकीत ठेवलं आणि पुन्हा हातात घेतलं नाही. कागदावर लिहायचा त्यांना पहिल्यापासून कंटाळा. मग खुणा, आणि हळूहळू खुणाही कमी झाल्या. दिवसभर ते खिडकीपाशी बसून राहायचे. आई मुद्दाम भांडण उकरून काढायच्या, पण भांडायला समोर आवाज लागतो.

तडकलेल्या पाटीवरचे बहुतेक भाग शाबूत होते. मला फक्त तशी दुसरी पाटी हवी होती, म्हणजे तांब्याचा पत्रा चिकटवलेला एक तुकडा, ज्यावर ठरावीक रेघा ठेवून बाकीचं तांबं काढून टाकलेलं असतं. बाहेरून करून मागवता आली असती. पण मूळचा नकाशा नव्हता, मी तो तुटक्या तुकड्यांवरून जुळवत होते. त्यात चुका होणार हे उघड होतं, आणि दर चुकीला कित्येक आठवडे वाट बघावी लागली असती. घरी आम्लात तांबं विरघळवता येतं, पण त्याचा धूर होतो. नाकाऐवजी मानेतून थेट श्वास घेणाऱ्या माणसाच्या घरात मला तो नको होता. राहिला एकच मार्ग. बारीक टोकाने तांबं कोरून काढायचं, आणि ते कोरणारं यंत्र आपणच बनवायचं.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "विकत मिळतं ना असं यंत्र?"

"मिळतं," मी म्हणाले.

"मग?"

मी किंमत दाखवली. तो उठला आणि मागच्या खोलीतली आपली व्यायामाची सायकल बाहेर काढायला लागला. "घे जागा," तो म्हणाला. आई म्हणाल्या, "सायकल गेली, पोट राहिलं."

मग लोक देत गेले. झेरॉक्सच्या दुकानातल्या काकांनी बंद पडलेला मोठा प्रिंटर दिला. त्यातले पोलादी दांडे आणि टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटार ह्यांवर माझं कोरणारं टोक डावीकडून उजवीकडे सरकणार होतं. नणंदेने ऑफिसातून मोडीत निघालेला स्कॅनर आणला. त्याच्यावर तांब्याचा तुकडा धरणारा लाकडी पाट पुढे-मागे सरकणार होता. टोक फिरवायला वेगवान मोटार हवी होती. ती समोरच्या घरातल्या दातांच्या डॉक्टरिणीने दिली. कवळ्या घासायचं तिचं जुनं हत्यार होतं ते, सोबत वापरलेल्या टोकांची डबी. "हे, बाई, नीट वापर," ती म्हणाली. "आणि सुरू करताना यंत्राला सांग, दुखलं तर हात वर कर."

सगळं जोडून झाल्यावर मी प्रत्येक भागावर मार्करने देणाऱ्याचं नाव लिहिलं. झेरॉक्सकाका. वन्सं. डॉक्टरीण. धूळ ओढून घेणारी नळी आईंच्या व्हॅक्यूम क्लीनरची होती म्हणून तिच्यावर आई. यंत्राभोवती मी प्लास्टिकची बंद पेटी केली होती, धूळ बाहेर येऊ नये म्हणून. बाबा गळ्याला ओला रुमाल बांधून दारात उभे राहायचे, बघायचे, निघून जायचे.

यंत्र हलत होतं, पण कापत नव्हतं. म्हणजे एका कोपऱ्यात टोक तांब्याखालीही खोल घुसायचं आणि दुसऱ्या कोपऱ्यात तांब्याला शिवायचंसुद्धा नाही. तांब्याचा थर कागदापेक्षा पातळ, त्यामुळे केसभर चढउतारही चालत नाही. प्रिंटरचे दांडे प्रिंटरसाठी केलेले होते, माझ्यासाठी नव्हे. ते जरा तिरके बसले होते आणि मला ते सरळ करता येत नव्हते. म्हणून मी पाटाच्या कोपऱ्यांखाली कागद सारले. इथे वहीच्या कागदाच्या दोन घड्या, तिथे दुकानाच्या पावतीचा तुकडा. टोकाच्या जागी केसभर फरकही दाखवणारं काट्याचं मापक लावून मोजायचं, कागद बदलायचा, पुन्हा मोजायचं. कितीतरी संध्याकाळी ह्यात गेल्या. शेवटी काटा जवळजवळ स्थिर राहायला लागला. रविवारी खरी पाटी कापायची असं मी जाहीर केलं. बाबांनी मान हलवली, आणि बऱ्याच दिवसांनी मला त्यांचे दात दिसले.

शनिवारी कामावरून आले तर मागच्या खोलीत लाकडाचा ताजा वास. जमिनीवर रंध्याच्या साली. माझा पातळ पाट भिंतीला टेकवून ठेवलेला, आणि यंत्रावर त्याच्या जागी जाड, मुरलेल्या लाकडाची फळी. बाबा शेजारी स्टुलावर बसलेले. त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर माझे सगळे कागद होते, नीट रचलेले. आणि भुवया उंचावलेल्या.

"सकाळपासून लागलेत," आई म्हणाल्या. "हत्यारांच्या पेटीचं झाकण कापलं, बाई! मला कधी त्या पेटीला हात लावू दिला नाही. बघ तरी, आरशासारखं केलंय."

मी फळीवर पोलादी पट्टी उभी धरली आणि मागून बॅटरीचा उजेड टाकला. कुठूनही उजेडाची रेघ आली नाही. हाताने इतकं सपाट केलेलं लाकूड मी प्रयोगशाळेतही पाहिलं नव्हतं.

मग मी मापक बसवलं आणि पाट सरकवला. काटा गर्रकन फिरला.

फळी सपाट होती, पण यंत्र तिरकं चालत होतं, आणि त्या तिरक्या चालीशी माझ्या कागदांनी जुळवून घेतलं होतं. ते कागद आता बाबांच्या हातात होते.  बाबांनीही काटा बघितला होता. त्यांचा हात सवयीने गळ्याकडे गेला, बटण शोधत. तिथे भुंगा नव्हता. हात तसाच खाली आला. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि फळी सोडवायला वाकले. पण ती नुसती स्क्रूने बसवलेली नव्हती, खालून सरसही लावला होता. बाबा काहीही अर्धवट बसवत नाहीत.

"राहू द्या, बाबा," मी म्हणाले.

चहा ठेवताना आई हळू आवाजात म्हणाल्या, "परवा मला खोलीत नेऊन एकेका नावावर बोट ठेवून दाखवत होते. हे नाव, हे नाव. आणि मग स्वतःच्या छातीवर बोट, माझं कुठाय म्हणून. तुझं यंत्र बिघडवलं का गं त्यांनी?"

"माहीत नाही अजून," मी म्हणाले. आणि ते खरं होतं.

रविवारी सकाळी मी फळीवर दोन्ही हात ठेवून जोर दिला. ती तसूभरही हलली नाही. माझा जुना पाट कागदांवर तरंगत होता. त्याला जरा जोराने टोक लागलं की तो थरथरायचा, म्हणून मी त्याला कधी खरवडायला धजले नव्हते. ही फळी बोटाएवढी जाड होती आणि खडकासारखी बसलेली होती. तिच्यातून यंत्राला हवं तेवढं कापू देता आलं असतं. दांडे तिरके असतील तर असू देत. यंत्र आपल्या तिरक्या चालीने आपलाच पाट कापेल, आणि मग दोघांचा तिरकेपणा एकच होईल.

पण त्यासाठी बाबांनी आरशासारखं केलेलं लाकूड ओरबाडावं लागणार होतं. मी त्यांना बोलावलं.

"बाबा, तुमची फळी मला यंत्राकडून पुन्हा कापून घ्यायचीय. ती वाकडी दिसेल. पण यंत्राला तशीच लागते. आणि इतकी घट्ट बसली नसती तर हे जमलंच नसतं. करू?"

दारातून नवरा म्हणाला, "बाबा, ऐकलंत? एका दमात!"

बाबांनी फळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गळ्याचा रुमाल सारखा केला, यंत्राभोवतीच्या पेटीचं प्लास्टिक स्वतः लावलं आणि व्हॅक्यूमचं बटण दाबलं.

डॉक्टरिणीच्या डबीतलं सगळ्यात रुंद टोक मी लावलं होतं. ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायचं, जरासं सरकायचं, परत यायचं. एका कोपऱ्यात भुसा निघत होता, दुसऱ्यात टोक नुसतं हवेत फिरत होतं. मी ते आणखी खाली घेतलं, आणि पुन्हा. दुपारपर्यंत सगळ्या फळीवर एकसारख्या बारीक रेघा उमटल्या. धूळ पूर्ण ओढली गेल्यावर मी पेटी उघडली. बाबांनी डोळे मिटून फळीवरून तळहात फिरवला. एका कोपऱ्याशी हात थांबला. त्यांना उतार लागला होता. डोळे उघडून ते हसले. आवाज नाही, फक्त खांदे हलत होते.

मापकाचा काटा मात्र ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जागचा हलला नाही. मी दिवसभर वस्तू खऱ्या मापाशी ताडून बघणारी बाई. वाकड्या फळीवर इतकी खूश होईन असं मला वाटलं नव्हतं.

मी मार्कर घेतला आणि फळीच्या कडेवर लिहिलं, बाबा.

पहिली पाटी त्याच संध्याकाळी कापली. रेघा स्वच्छ सुटल्या, तांब्याची बेटं चमकत उभी राहिली. जुने भाग काढून तिच्यावर डाख देऊन बसवले, बॅटरी लावली, आणि काहीच झालं नाही. नकाशा जुळवताना एक रेघ मी चुकीच्या जागी नेली होती. दुसरी पाटी गुणगुणली, पण बटण सोडल्यावरही थांबेना. आई म्हणाल्या, "हे तर अगदी ह्यांच्यासारखंच झालं." चूक शोधायची, रेघ बदलायची, पुन्हा कापायचं. दुसऱ्या दिवशी नवी पाटी हातात. ह्याच सोयीसाठी एवढा खटाटोप केला होता.

पुढची पाटी बटणाबरोबर सुरू झाली आणि बटणाबरोबर थांबली. मी ती भुंग्याच्या कवचात बसवली आणि आवाजाचा स्क्रू फिरवण्याआधी थांबले. ते माझं काम नव्हतं. स्क्रूड्रायव्हर मी आईंना दिला.

त्यांनी चष्मा चढवला. बाबा समोर बसून गळ्याला भुंगा लावून नुसता "आ" म्हणत होते.

"वर गेला. खाली घेते. अहो, हलू नका. अजून थोडा." त्या डोळे मिटून ऐकत होत्या. स्क्रू केसभर फिरवायचा, थांबायचं. नवरा काहीतरी बोलायला लागला तर त्याला त्यांनी हातानेच गप्प केलं. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. चष्मा काढून त्या पदराने पुसत राहिल्या.

बाबांनाही कळलं. त्यांनी भुंगा गळ्यावर नीट टेकवला, खिशातून माझे ते कागद काढले, घड्या आणि पावतीचा तुकडा, आणि माझ्यासमोर धरले. इतके दिवस अडकलेलं वाक्य त्या जुन्या, जाड, घुमणाऱ्या आवाजात बाहेर आलं.

"काय गं मिलिमीटर, लाकडाखाली कागद ठेवतात का?"

"आता नाही ठेवत, बाबा," मी म्हणाले.  पुढचं बोलायला आता ते होते.

पुढच्या रविवारी मी दोन जादा पाट्या कापायला बसले. भुंगा पुन्हा कधी पाण्यात पडला तर हाताशी असाव्यात म्हणून. मागच्या खोलीत व्हॅक्यूम घोंघावत होता, टोक तांब्यावरून फिरत होतं, आणि दारात स्टूल टाकून बाबा सांगत होते की झेरॉक्सकाकांच्या दांड्यांत दोष नाही, ते बसवणाऱ्याच्या हातात आहे, आणि त्यांच्या वेळी सुतारकाम म्हणजे काय असायचं, आणि डॉक्टरिणीच्या घराचं दार खाली किती घासतं, ते त्यांनी उद्याच जाऊन रंधायचं ठरवलंय. व्हॅक्यूमच्या वर ऐकू जावं म्हणून बटण ते घट्ट दाबून धरत होते, आणि मधूनमधून मला विचारत होते, "बरोबर ना?" आणि मी काही म्हणायच्या आधी स्वतःच "बरोबर" म्हणत होते.

स्वयंपाकघरातून आई ओरडल्या, "अगं, काय हा गोंगाट! एक तर ते यंत्र बंद कर, नाही तर ह्यांना!"

मी यंत्र बंद केलं.