पहिला लिटर

कार्ड जेमतेम तळहाताएवढं होतं, पण ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात जायला तेवढं पुरलं.

‘हाताने चालवायचा पेट्रोल पंप, काचेच्या नळकांड्याचा. पूर्वीच्या चालकाने गिऱ्हाइकांना फसवण्यासाठी मापाच्या पट्ट्या सरकवल्या होत्या. त्या कारखान्याच्या नमुन्याप्रमाणे पुन्हा बसवून पंप मूळ रूपात आणला आहे.’

पूर्वीचा चालक म्हणजे तिचे वडील.

ठिणगी हे तिचं घरातलं नाव. बाहेर ती दातांची डॉक्टर होती. नाव बाबांनीच ठेवलेलं. लहानपणी ती चिडली की ते ओरडायचे, “अरे, हिला कोणीतरी आत न्या, पंपावर ठिणगी नको!” बाबा गेले, पंप गेला, नाव राहिलं. स्वभावही.

प्रदर्शन एका शाळेच्या व्यायामशाळेत भरलं होतं. दोन्ही भिंतींना लागून जुने पंप उभे होते, नवरदेवासारखे नटूनथटून. संग्राहक मंडळी भिंगं लावून ओतीव लोखंडावरचे आकडे वाचत होती आणि दुसऱ्याच्या पंपाला नावं ठेवत होती. ठिणगी दोन दिवसांच्या परिषदेहून घरी पोचली होती आणि तशीच इथे आली होती. घरी गॅरेज उघडलं तर पंप जागेवर नाही, आणि नवरा म्हणाला, “तुझा दादा आणि तो कॅटलॉग टेम्पोतून घेऊन गेले. मला वाटलं तुला विचारलंय.”

कॅटलॉग म्हणजे संग्राहक मंडळाचा चिटणीस. जुन्या कंपन्यांची माहितीपत्रकं त्याला तोंडपाठ होती, आणि माहितीपत्रकात जे नाही ते जगातच नाही असं त्याचं मत होतं. मनुष्य वाईट नव्हता. पण माणसाला कुबड असेल तर हा त्याला कारखान्यात परत पाठवा म्हणाला असता.

पंप ठिणगीने भंगारवाल्याच्या आवारात शोधला होता. तो आपलाच, हे तिने नुसत्या आठवणीवर ठरवलं नव्हतं. दात साफ करायच्या बारीक हत्याराने तिने पंपाच्या दाराच्या कडेला रंग खरवडला होता, नखाएवढ्या जागेत. वर लाल, त्याखाली हिरवा, आणि त्याखाली एक विचित्र निळा, जो कुठल्याच कंपनीचा नव्हता. तो त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराचा उरलेला रंग होता. बाबांनी तो पंपाला फासला तेव्हा आई आठवडाभर म्हणत होती, “आता घरी यायला नको, तिथेच जेवा. दार तर तिकडेच आहे.” खाली ट्रक मागे येताना पडलेला पोचाही होता. आणि काचेत पितळी दांडीवर त्या पाच पट्ट्या होत्या, कमीजास्त अंतरावर, जशा तिला आठवत होत्या तशाच.

हा पंप चालायचा असा: दांडा हलवला की पेट्रोल वरच्या काचेत चढायचं, अगदी काठापर्यंत. मग खालची चावी उघडायची. पेट्रोल पहिल्या पट्टीपर्यंत उतरलं की एक लिटर, दुसरीपर्यंत दोन. गिऱ्हाइकाला सगळं डोळ्यांसमोर दिसायचं. आणि दिसायचं तेच बाबांना नडलं. मूळ काच गारपिटीत फुटली होती. कंपनीकडून नवी येईना, तेव्हा बाबांनी बरण्या करणाऱ्या कारागिराकडून काच फुंकून घेतली. ती वर किंचित अरुंद, खाली किंचित रुंद झाली. नुसतं बघून कळणार नाही, पण पेट्रोलला कळायचं. म्हणून पहिल्या लिटरची जागा लांब आणि शेवटच्याची आखूड. वजनमापे खात्याच्या साहेबाने स्वतः तांब्याचं माप धरून पट्ट्या बसवून दिल्या होत्या आणि दांडीला तार ओवून शिशाची मोहोर ठोकली होती.

पण लोकांना फक्त एवढंच दिसलं की शेवटच्या पट्ट्या जवळजवळ आहेत. बाबांचं नाव पडलं ‘पाऊण्या’: लिटर सांगतो आणि पाऊण देतो तो पाऊण्या. बाबा म्हणायचे, “ज्याला माप बघायचंय तो भांडं घेऊन येतो. ज्याला बोलायचंय तो नुसतं तोंड घेऊन येतो.” भांडं घेऊन कोणी आलं नाही. गिऱ्हाईक हळूहळू पलीकडच्या रस्त्याला वळलं. दादा शाळेतून फाटका सदरा घेऊन घरी यायचा, कारण कोणीतरी त्याला ‘पाऊण्याचा पाऊण्या’ म्हटलेलं असायचं.

गेल्या महिन्यात कॅटलॉग पंप ओळखायला गॅरेजमध्ये आला, तेव्हा त्याने पट्ट्यांकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाला, “हा लबाडीचा नमुना आहे, मॅडम. प्रदर्शनात ठेवायचा तर पट्ट्या समान अंतरावर घ्याव्या लागतील.”

“हात लावलात तर बघा,” ठिणगी म्हणाली होती.

आणि आता पंप तिच्यासमोर उभा होता. रंग टोमॅटोसारखा लालभडक, पोचा भरलेला, पट्ट्या शिपायांसारख्या एका अंतरावर. दांडीच्या भोकातली तार नव्हती. मोहोर नव्हती.

“कशी वाटली कामगिरी?” कॅटलॉग हात चोळत आला. मागे दादा होता. बहिणीचा चेहरा पाहून तो दोन पावलं मागेच थांबला.

“मोहोर कुठाय?”

“कसली मोहोर?”

“दांडीला तारेत ओवलेली. शिशाची.”

“अच्छा, ती गंजकी तार? ती कापल्याशिवाय पट्ट्या सरकत नव्हत्या. गेली कचऱ्यात.”

“सरकत नव्हत्या!” ठिणगीचा आवाज व्यायामशाळेच्या पत्र्याला लागला. “अहो, सरकू नयेत म्हणूनच ती होती ना! आणि त्याच हाताने तुम्ही कार्ड लिहिता, की माझ्या बापाने पट्ट्या सरकवल्या?”

भिंगं डोळ्यांवरून खाली आली. कॅटलॉग म्हणाला, “हे बघा, आवाज चढवू नका. माहितीपत्रकात अंतर समान आहे. आणि मी चोरून काही केलं नाही. तुमच्या भावाने सांगितलं.”

ठिणगी वळली. “दादा?”

दादा बुटांकडे बघत होता. पन्नाशीचा, चार माणसांत मान असलेला माणूस, पण उभा असा, जणू फाटका सदरा पुन्हा अंगावर आहे.

“ठिणगे, मला वाटलं पट्ट्या सरळ केल्या की विषय संपला. लोक बघतील, चांगला पंप दिसेल. कोणी काही म्हणणार नाही.”

“आणि हे कार्ड?”

“ते मी आत्ताच वाचलं.”

“एक सांग. बाबा खरंच कमी द्यायचे, असं तुला वाटतं?”

दादा बोलला नाही. तिथेच उत्तर मिळालं. परक्यांनी म्हटलेलं तिने आयुष्यभर झेललं होतं. घरातलं हे मौन मात्र तिच्या अंगावर उकळतं पडलं. ती काहीतरी फार वाईट बोलणार होती. पण शेजारच्या टेबलावर तिची नजर गेली आणि शब्द तोंडातच राहिले.

टेबल मापं जमवणाऱ्या एका काकांचं होतं. वर तांब्याची मापं ओळीने मांडलेली, लांब मानेची, मानेवर रेघ कोरलेली. असंच एक माप वजनमापेवाल्या साहेबाच्या हातात होतं.

“काका, लिटरचं माप द्याल? पाणी भरणार आहे.”

“चाळीस वर्षांत कोणी त्याचा उपयोग विचारला नाही,” काका म्हणाले. “सगळे वय विचारतात. घ्या.”

दोन बादल्या पाणी आलं. पंपाची पाणी ओढायची नळी एका बादलीत सोडली. ठिणगीने दांड्याकडे बोट केलं. “चिटणीससाहेब, तुमच्या पट्ट्या, तुमचा हात. नंतर म्हणायला नको.”

कॅटलॉगने दांडा हलवला. पाणी काचेत चढू लागलं. जुन्या पंपाने एवढ्या वर्षांनी घशातून आवाज काढला तशी माणसं जवळ सरकली. पाणी काठाला लागलं. ठिणगीने तोटीखाली माप धरलं.

“पहिल्या पट्टीपर्यंत सोडा. थेंब इकडे नाही, तिकडे नाही.”

पाणी पट्टीला टेकलं, चावी बंद झाली. सगळ्यांनी मापात डोकावलं. पाणी मानेच्या रेघेला पोचलंच नव्हतं. चांगलं दोन बोटं खाली होतं.

“गळत असेल,” कॅटलॉग म्हणाला.

“खाली बघा. आहे थेंब?”

फरशी कोरडी होती. कॅटलॉगने पुन्हा दांडा मारला, पुन्हा सोडलं. पुन्हा दोन बोटं कमी.

“अभिनंदन,” ठिणगी म्हणाली. “या पंपाने जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला लुबाडलं, ते तुमच्या हातून. आणि कोणाला, कळतंय का? टाकी भरणाऱ्याला नाही, त्याचे पाच लिटर पुरे होतात. ज्याच्या खिशात एका लिटरपुरतेच पैसे, त्याला. ही काच फुंकलेली आहे, साहेब. वर अरुंद आहे. तुम्ही कार्डावर कारखान्याचा नमुना लिहिलात, पण काचेवरून एकदा बोट फिरवलं नाहीत.”

कॅटलॉगने खरंच बोट फिरवलं. मग खिशातून मोजपट्टी काढून काचेला वर लावली, खाली लावली. त्याच्या कानांच्या पाळ्या पंपाच्या रंगाला जुळल्या.

“पण समान अंतर दिसायला बरं दिसतं,” तो पुटपुटला.

“कोणाच्या तोंडात दात सारखे नसतात. म्हणून मी कानस घेऊन बसत नाही.”

काका मोठ्याने हसले. दादा हसला नाही. तो पुढे आला, बाह्या वर केल्या आणि कॅटलॉगच्या हातातून दांडा काढून घेतला. त्याने काच काठोकाठ भरली.

“ठिणगे, माप धर.”

तिने धरलं. त्याने चावी उघडली. पाणी पहिल्या पट्टीच्या खाली गेलं, आणखी खाली गेलं, मापाची मान चढू लागलं. ते रेघेला टेकताच ती ओरडली, “झालं!” अगदी तशीच, जशी लहानपणी पिंपावर बसून साहेबाच्या मापाकडे बघत ओरडायची. दादाने चावी बंद केली आणि काचेवर पाणी होतं तिथे अंगठा दाबला.

अंगठा पट्टीच्या बराच खाली होता. तो त्याच्याकडे बघत राहिला.

“एवढं द्यायचे?” तो म्हणाला.

“पूर्ण लिटर.”

“मी मारामाऱ्या करायचो, ठिणगे. त्यांच्या बाजूने. आणि मनात म्हणायचो, पोरं खरंच बोलतायत.”

ती त्याला माफ करण्याच्या जवळपासही नव्हती. पण तिने पर्समधून ओठांची लाली काढली आणि त्याच्या अंगठ्याला लागून पाण्याच्या पातळीवर काचेवर रेघ मारली. मग पुढचा लिटर. सगळ्या रेघा झाल्यावर वरचं झाकण काढून दांडी उपसली, काचेला बाहेरून लावली आणि दादाने पट्ट्या एकेक करून रेघांना आणल्या. शेवटच्या दोन जवळ आल्या, पूर्वीसारख्या.

कॅटलॉग बाजूला उभा होता. नुकसान भरून काढावं असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि तिथेच त्याने घोटाळा केला.

“मॅडम, मोहोरेचं वाईट वाटून घेऊ नका. माझ्या ओळखीत एक जण हुबेहूब बनवतो. गंज चढवून देतो. कोणाच्या बापाला कळणार नाही.”

ठिणगीने त्याच्याकडे असं पाहिलं की काकांनी घाईघाईने टेबलावरचं सगळ्यात जड माप उचलून आत ठेवलं.

“माझ्या बापाला कळेल,” ती म्हणाली. “खरी कापलीत, आता खोटी लावता? भोक रिकामं राहू दे. सगळ्यांना दिसू दे.”

“मग कार्डावर काय लिहायचं?” कॅटलॉग हताश होऊन म्हणाला. “नियमाप्रमाणे कार्ड लागतंच.”

दादाने जुनं कार्ड काढून चार तुकडे केले. नवं मागून घेतलं, पंपाच्या लाल अंगावर टेकवून लिहायला लागला. तो कायम भरभर लिहायचा. आज मात्र अक्षर काढत होता. लिहून झालं ते त्याने बहिणीला न दाखवता खिळ्याला अडकवलं.

‘हा आमच्या वडिलांचा पंप. काच फुंकलेली आहे, म्हणून पट्ट्या अशा. पट्ट्या बरोबर असल्याची सरकारी मोहोर दांडीच्या या भोकात होती. ती त्यांच्या मुलाच्या सांगण्यावरून कापली गेली. शंका असेल त्याने भांडं घेऊन यावं.’

ठिणगीने दोनदा वाचलं. राग गेला नव्हता. तो घरी जाताना गाडीत निघणार होता, आणि दादालाही ते माहीत होतं. तिने बादली उचलून नळीखाली सरकवली.

“भर,” ती म्हणाली. “कोणीतरी येतंय.”

व्यायामशाळेच्या दारातून एक बाई पाण्याची बाटली हलवत आत येत होती. काकांनी तांब्याचं माप पुसून पुन्हा टेबलाच्या कडेला ठेवलं. दादाने दांडा धरला.