पात्याचं टोक

"हरलास तर डोक्यावर कोबीचं पान घालून नळाशी बसायचं. सगळ्यांच्या देखत, सकाळभर," पोस्टमनकाका म्हणाले.

"आणि तुम्ही हरलात तर?" मिक्सरवाल्याने विचारलं.

"तर मी बसेन. पण मी कशाला हरतोय? कच्चा पाला शेळ्या खातात, माणसं नाही."

भानगड सुरू झाली होती काकूंपासून. काका निवृत्त झाले, पायपीट थांबली आणि पोट पुढे निघालं. डॉक्टरांनी बजावलं, रोज ताटभर कच्च्या भाज्या खा. काकू रोज पानं चिरायच्या आणि काका रोज ती गुपचूप खिडकीतल्या कुंडीत सारायचे. कुंडीतलं झाड अगदी जोमात होतं. शेवटी काकूंनी भर अंगणात रडगाणं गायलं आणि कुणी काही विचारलं नसताना मिक्सरवाला मध्ये पडला.

"पाल्याचा दोष नाही हो काकू. वरून काय घालता त्यावर सगळं आहे. मी फळांचं ड्रेसिंग करून देतो. काका ताट संपवतील, वर चाटतील."

"ड्रेसिंग? मला जखम कुठे झालीय?"

"जिभेला. म्हणून तर दिवसभर वळवळते."

अंगण हसलं. शिंपीणबाई साक्षीदार झाल्या आणि रविवारची पैज लागली.

मिक्सरवाल्याला सगळे घरघऱ्या म्हणत. जिन्याखाली त्याचं एवढंसं दुकान, फळीवर ओळीने लोकांचे मिक्सर. स्वभावाने एक नंबरचा खोडकर. दारांच्या कड्या बाहेरून लावणं, वाळत घातलेल्या शर्टांच्या बाह्यांना गाठी मारणं, सगळे उद्योग करून झालेले. कामात मात्र सोवळं पाळावं तसा कडक. दुरुस्त केलेल्या भांड्यात आधी पाणी घालून फिरवायचं, ते ओतायचं, पात्यांवरून अंगठा फिरवायचा, मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. लोक डोळे मिटून मिक्सर टाकून जायचे ते एवढ्याचसाठी.

रविवारी बायकोने तोंडावर सांगितलं, "माझ्या मिक्सरला हात लावायचा नाही. मागच्या वेळी चटणीला ग्रीसचा वास येत होता."

मग त्याने दुकानातून शिंपीणबाईंचा मिक्सर उचलला. आदल्याच संध्याकाळी पाती घट्ट करून ठेवलेला. पाण्याची फेरी राहिली होती. म्हटलं, पाण्याऐवजी रसाचीच फेरी होईल की.

संत्री सोलली, बिया काढल्या. पिकलेली नासपती चिरून टाकली. लिंबू, मोहरीची पूड, मिरी, मीठ. मिक्सर सुरू करून झाकणाच्या भोकातून तेलाची बारीक धार सोडत राहिला. पातळ रस हळूहळू दाट व्हायला लागला, रंग साईसारखा फिकट केशरी. मध्येच आत 'कट्ट' असं काहीतरी वाजलं. रस्त्यापलीकडच्या घरातला मिक्सर ऐकून बिघाड सांगणारा कान त्याचा. पण त्या दिवशी कानाला सांगितलं, संत्र्याची बी असेल, गप.

चमच्याने चाखलं. आंबटगोड, शेवटी मोहरीचा झणका. काकांचं काही खरं नव्हतं.

बायको वाडगा घेऊन अंगणात गेली. हा मागे शीळ घालत भांडं विसळत होता. सवयीने अंगठा पात्यांवरून फिरला आणि थबकला. चारातल्या एका पात्याला टोकच नव्हतं.

शीळ ओठांवरच विरली. भांडं उजेडात धरलं. तांदळाच्या दाण्याएवढं टोक, सुरीसारखं धारदार, गेलं कुठे? भांडं पालथं केलं, मोरीची जाळी उपसली, चमचा पुसून पाहिला. नाही.

बाहेर आला तर काका अर्धं ताट संपवून बसलेले. शेजारी शिंपीणबाईंनीही बशी पुढे केली होती.

"घरघऱ्या, लेका, लक्षण ठीक नाही माझं. तुझी काकू आताच कोबी आणायच्या तयारीत आहे," काका घास चावता चावता म्हणाले.

काकांचा जबडा हलत होता आणि इथे याचं काळीज. एक वाट होती. धक्का लागल्यासारखं करून वाडगा पाडायचा. लोक म्हणाले असते, हा असाच मेला वात्रट. पैज जाईल, नाव राहील. पण वाडगा पाडता येतो, काकांच्या पोटात गेलं असेल ते कसं पाडणार?

"काका, थुंका ते. बाई, बशी खाली ठेवा. कुणी खाऊ नका."

काकांनी घास गिळला. "जिंकायला आला आणि हा बघा, नवीन सोंग."

"सोंग नाही हो. आत पात्याचं टोक गेलंय."

"मागच्या महिन्यात माझ्या शिलाई मशीनमध्ये उंदीर गेलाय म्हणून सांगितलं होतंस," शिंपीणबाई म्हणाल्या. "मी दोन तास टेबलावर उभी होते."

सगळे हसले. काकांनी तर मुद्दाम त्याच्याकडे बघत मोठा घास उचलला. जन्मभर केलेल्या चेष्टा आता एकदम गळ्याशी आल्या होत्या. त्याने पळत जाऊन भांडं आणलं, काकांचं मनगट धरलं आणि त्यांचं बोट सावकाश पात्यांवर टेकवलं.

"हे एक. हे दुसरं. हे तिसरं. आता हे बघा."

काकांचं बोट तुटक्या कडेवर थांबलं. घास ताटात परत गेला.

"हे तर माझं भांडं," शिंपीणबाई हळूच म्हणाल्या.

"तुमचंच. मी पाणी घालून बघितलं नव्हतं."

हसणं कुठल्या कुठे गेलं. काकूंनी गाळणी आणली. तो नळाखाली वाडग्यातला रस थोडा थोडा गाळत होता, गाळणीत नुसता चोथा उरत होता. मग शिंपीणबाईंची बशी. तिच्यातही काही नाही. काका गळ्यावर हात ठेवून बसले होते.

"काही टोचतंय का हो?" काकूंनी विचारलं.

"आता तू विचारल्यावर टोचायला लागलं."

मिक्सरवाला काकांच्या ताटापुढे उकिडवा बसला. एकेक पान उचलायचं, पुसायचं, बाजूला ठेवायचं. बायकोने ताट धरलं. नुकत्याच खाली ठेवलेल्या घासात, एका पानाच्या मागे, काहीतरी चमकलं. त्याने ते नखावर घेतलं आणि पात्याला लावून पाहिलं. बरोबर बसलं.

काकांनी नळाखाली चूळ भरली, पुन्हा भरली.

"पैज रद्द," ते म्हणाले. "चव होती रे. खोटं कशाला बोलू."

"ताट संपलं नाही. मी हरलो."

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी यायच्या आधीच तो येऊन बसला. डोक्यावर कोबीचं मोठं पान, कानांवर आलेलं. हंडे घेऊन आलेल्या बायका आधी हसल्या. एकीने तर विचारलं, "पानाखालचा गड्डा शिल्लक आहे का?" त्यानेही टोपी सावरावी तसं पान सावरलं आणि म्हणाला, "होता तो काल वापरून संपवला."

मग शिंपीणबाई आल्या. हंडा नव्हता हातात.

"माझा मिक्सर तसाच परत दे. भाचा म्हणालाय, तो कुठूनतरी करून आणतो."

"नवीन पातं मी बसवलंय बाई."

"हो, ते आहेच. तरीपण."

त्यांच्या मागे कोपऱ्यावरची चहावाली उभी होती. तिच्यामागे आणखी दोघी. कुणी रागावलं नव्हतं. सगळ्या खाली बघत होत्या. एकीने सांगितलं पाहुणे येणार आहेत, दुसरीला नवा मिक्सर घ्यायचाच होता.

तो उठून दुकानात गेला. पान डोक्यावर तसंच. एकेक मिक्सर बाहेर आणू लागला. फळीवर धूळ होती आणि धुळीत जागोजागी स्वच्छ गोल उरत गेले.

काकांना खिडकीतून बघवेना. "बास झालं रे. काढ ते पान," ते म्हणाले.

"पैज म्हणजे पैज, काका."

त्याने चहावालीचं भांडं नळाखाली धरलं, पाणी घातलं, दुकानाच्या दाराशी वायर लावून फिरवलं, ओतून दिलं. पात्यांवरून अंगठा फिरवला. फडक्याने भांडं कोरडं केलं, झाकण बसवलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं.

"झाकणाचं रबर सैल झालंय," तो म्हणाला. "जिथे दुरुस्तीला टाकाल तिथे बदलून घ्या."